मुक्त, मोफत की खुलं? सॉफ्टवेअरच्या परवान्यातला फरक नेमका कुठं आडवा येतो

तेरणाकाठ

आडत दुकानासाठी पट्टी, म्हणजे शेतमालाच्या विक्रीचा हिशेब, काढायचं सॉफ्टवेअर घ्यायचं असो की कॉलेजच्या ग्रंथालयात कोहा बसवायचं असो, फ्री, मोफत आणि ओपन सोर्स हे तीन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्या गोंधळात पैसे जातात आणि वर आपलीच माहिती अडकून बसते. म्हणून हा धागा.

इंग्रजीतल्या 'फ्री' या एकाच शब्दात फुकट आणि मोकळं असे दोन्ही अर्थ कोंबलेत. मराठीत ते आधीपासून वेगळे आहेत. मोफत म्हणजे दाम नाही, मुक्त म्हणजे दावं नाही. मोफत मिळालेलं ॲप दाव्याला पक्कं बांधलेलं असू शकतं, आणि मुक्त सॉफ्टवेअर चांगले पैसे घेऊन विकता येतं. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन स्वतः सुरुवातीच्या काळात ईमॅक्स या मजकूर-संपादकाची टेप १५० डॉलरला विकत होते.

स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ ला ग्नू हा मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रकल्प जाहीर केला. १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन उभी राहिली. त्यांची व्याख्या चार स्वातंत्र्यांची आणि मोजणी शून्यापासून: ० म्हणजे कुठल्याही कामासाठी चालवणं, १ म्हणजे आत काय चाललंय ते बघून आपल्या गरजेप्रमाणं बदलणं, २ म्हणजे प्रती दुसऱ्याला देणं, ३ म्हणजे आपण बदललेली प्रतही देणं. १ आणि ३ साठी सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरनं लिहिलेला मूळ मजकूर, हातात असावाच लागतो.

'ओपन सोर्स' हा शब्द ग्नूच्या घोषणेनंतर पंधरा वर्षांनी आला. जानेवारी १९९८ मध्ये नेटस्केपनं आपल्या ब्राउझरचा सोर्स खुला करणार असल्याचं जाहीर केलं. फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथल्या बैठकीत क्रिस्टीन पीटरसन यांनी हा शब्द सुचवला. त्याच महिन्यात एरिक रेमंड आणि ब्रूस पेरेन्स यांनी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह काढली. तिची दहा कलमांची व्याख्या डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९९७ च्या मार्गदर्शक सूचनांवरूनच बेतलेली आहे.

म्हणजे सॉफ्टवेअरची यादी दोन्हीकडं जवळपास तीच, कारण मात्र वेगळं. मुक्तवाले म्हणतात, मशीन माझं तर त्यावर ताबाही माझा, हा हक्क आहे. ओपन सोर्सवाले म्हणतात, कोड खुला ठेवला की चुका लवकर सापडतात, काम चांगलं होतं. बंद सॉफ्टवेअर उत्तम चालत असेल तर दुसऱ्या गटाला ते वापरायला अडचण नाही, पहिल्याला आहे. माझं मत पहिल्या बाजूचं आहे, ते लपवत नाही.

बालाघाट

तेरणाकाठ दादा, इतिहास पटला. पण यार्डातल्या माणसाला यातनं काय? त्याची पट्टी निघाली पाहिजे. सोर्स कोड घेऊन तो काय करणार?

आणि दुसरी शंका. जीपीएल हा ग्नूचा परवाना म्हणजे मुक्त आणि एमआयटी परवाना म्हणजे ओपन सोर्स, असं बऱ्याच ठिकाणी शिकवतात. ते बरोबर धरायचं का?

दुधनाकाठ

दुसऱ्या शंकेचं उत्तर आधी देतो, कारण ही चूक लई पसरलीय.

बरोबर नाही. जीपीएल, एमआयटी, बीएसडी, अपाची २.० हे सगळे परवाने मुक्तही आहेत आणि ओपन सोर्सही आहेत. दोन्ही संस्था त्यांना मान्यता देतात. जीपीएल आणि एमआयटी यांच्यातला फरक वेगळ्याच रेघेवरचा आहे. ती रेघ कॉपीलेफ्टची.

कॉपीलेफ्ट म्हणजे, तू सुधारणा करून पुढं कुणाला दिलंस तर त्यालाही तीच मोकळीक आणि सोर्स द्यायचा. जीपीएल तसा आहे. एमआयटीत एवढंच: मूळ लेखकाची कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीत ठेवा, बाकी काहीही करा, बंद करून विकलं तरी चालेल. आपल्याकडचं सोपं उदाहरण मुंबईच्या फ्रापे कंपनीचं. त्यांची फ्रापे फ्रेमवर्क, म्हणजे सॉफ्टवेअर उभारायचा सांगाडा, एमआयटीखाली आहे, तिच्यावर उभं असलेलं ईआरपीनेक्स्ट हे धंद्याच्या कारभाराचं सॉफ्टवेअर जीपीएल आवृत्ती ३ खाली. एकाच घरात दोन्ही पद्धती, आणि दोन्ही मुक्त.

दोन याद्या जिथं खरंच फुटतात असे परवाने थोडेच. नासाचा ओपन सोर्स करार १.३ घ्या. ओपन सोर्स इनिशिएटिव्हनं तो मान्य केलाय, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं नाही, कारण बदल हे तुमची स्वतःची मूळ निर्मिती असले पाहिजेत अशी अट आहे. मग दुसरीकडचा मुक्त कोड त्यात आणून जोडता येत नाही. पर्लचा जुना आर्टिस्टिक परवाना १.० हाही असाच, त्याची भाषा फार मोघम म्हणून नाकारलेला. एरवी रोजच्या कामात या यादीशी गाठ पडत नाही.

गोदाथडी

बालाघाट, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर पट्टीतच आहे. तीन जागा दाखवतो.

पहिली जागा 'ऱ्या'. 'शेतकऱ्याचं', 'सातपुऱ्यात', 'गोऱ्हे' या शब्दांतला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ, त्याला हलंत. दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मग न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण एका मुनीमानं एका कीबोर्डवरून 'गोऱ्हे' आडनाव भरलं आणि दुसऱ्यानं मोबाइलवरून शोधलं, तर नाव सापडत नाही. मग तोच शेतकरी पुन्हा नवा म्हणून भरला जातो आणि त्याची उचल दोन खात्यांत विभागते. युनिकोडचं ठरावीक एकसारखं करण्याचं सूत्र, एनएफसी, या दोन रूपांना एक करत नाही. ते काम प्रोग्राममध्ये वेगळं लिहावं लागतं: नाव साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा एक रूप दुसऱ्यात बदलून घ्यायचं. दहा ओळींचं काम आहे. सोर्स हातात असेल तर स्थानिक पोरगा एका दुपारी करतो. नसेल तर विक्रेत्याच्या पुढच्या आवृत्तीची वाट बघायची, आणि त्याचे बहुतेक गिऱ्हाईक मराठी लिहितच नसतील तर ती आवृत्ती कधी येईल याची खात्री नाही.

दुसरी जागा छपाई. ८० मिलिमीटर कागदाच्या साध्या थर्मल प्रिंटरात देवनागरी अक्षरं बहुधा नसतात. मजकूर थेट पाठवला की चौकोन किंवा प्रश्नचिन्हं छापून येतात. उपाय असा की संगणकावरच ओळीचं चित्र करून पाठवायचं. २०३ डीपीआयला (इंचाला २०३ ठिपके) छपाईची रुंदी ७२ मिलिमीटर, म्हणजे एका ओळीत ५७६ ठिपके. चित्र त्याहून रुंद झालं तर उजवीकडची रक्कमच कापली जाते, आणि पट्टीत नेमकी तीच महत्त्वाची.

तिसरी जागा काटा. वजनकाट्याचा इंडिकेटर सीरियल केबलनं आकडे पाठवतो. बॉड रेट (आकडे पाठवायचा वेग), आकड्यांची संख्या, शेवटचं चिन्ह हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. काटा बदलला की जुनं सॉफ्टवेअर वजन वाचत नाही. वाचणारा भाग खुला असेल तर दोन-चार ओळी बदलून भागतं.

आता हमाली-तोलाईचे दर. ते प्रोग्रामातच ठोकून बसवलेले असले तर दर बदलला की विक्रेत्याला फोन. हे सगळं स्वातंत्र्य क्रमांक १ आहे. दुकानदारानं स्वतः कोड वाचावा असं कुणी म्हणत नाही. त्याला दुसरा कारागीर लावता यावा, एवढंच. ट्रॅक्टरचं बोनेट वेल्डिंग करून बंद केलं तर मालकाला मेकॅनिकी येत नाही म्हणून ते चालेल का?

मन्याड

गोदाथडी दादा, 'ऱ्या'चा मुद्दा याद्यांच्या वर्णक्रमातही लागू होतो, तो भाग राहिला. जुन्या डीटीपी फॉन्टात भरलेली माहिती युनिकोडमध्ये आणताना तर जास्तच. तिथं अक्षर देवनागरी दिसतं पण आत इंग्रजीचे कोड असतात. रूपांतरानंतर रफार, पहिली वेलांटी आणि ऱ्य हे तीनच प्रकार आधी तपासायचे, बहुतेक चुका तिथंच निघतात.

फॉन्टाचा परवाना वेगळा असतो हेही लक्षात ठेवा. मुक्ता, नोटो सॅन्स देवनागरी हे फॉन्ट एसआयएल ओपन फॉन्ट परवान्याखाली आहेत. सॉफ्टवेअरसोबत देता येतात, ते सॉफ्टवेअर विकताही येतं. नुसता फॉन्ट मात्र एकटा विकता येत नाही. मूळ लेखकानं नाव राखून ठेवलेलं असेल तर अक्षर बदलल्यावर फॉन्टाचं नाव बदलावं लागतं. छापलेल्या पट्टीवर किंवा लग्नपत्रिकेवर या परवान्याचं काही बंधन नाही.

माझा प्रश्न. विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून असं पट्टीचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि त्यांना वाटतं की शेतकऱ्यांनी फुकट वापरावं, पण व्यापाऱ्यांनी विकू नये. तर परवाना कोणता लावायचा? आणि मालक कोण, विद्यार्थी की कॉलेज?

दुधनाकाठ

मन्याड ताई, 'शेतकऱ्यांना चालेल, व्यापाऱ्यांना नाही' ही अट टाकली की ते मुक्तही राहत नाही आणि ओपन सोर्सही. इकडं स्वातंत्र्य ० मोडतं. तिकडं व्याख्येचं ५ वं कलम माणसामाणसांत भेद करू नका सांगतं आणि ६ वं कलम कामाच्या क्षेत्रावर बंदी नको म्हणतं. हेतू कितीही चांगला असला तरी परिणाम असा होतो की डेबियनसारखं वितरण ते मुख्य विभागात घेत नाही, आणि दुसऱ्या जीपीएल कोडशी ते जोडून वाटता येत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचा विनाव्यापार परवाना लावणं हीदेखील तीच चूक, शिवाय क्रिएटिव्ह कॉमन्स स्वतःच सांगते की आमचे परवाने सॉफ्टवेअरला लावू नका.

व्यापाऱ्यानं घेऊन बंद करू नये, एवढीच खरी भीती असेल तर त्यासाठी कॉपीलेफ्ट आहे. तो विकेल, पण घेणाऱ्याला सोर्स द्यावा लागेल.

मालकीचं असं: कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणं संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती धरली जाते. नोकरीत, नोकरीचा भाग म्हणून लिहिलं तर वेगळा करार नसताना मालक नोकरी देणारा. विद्यार्थी नोकर नसतो, म्हणून मालक तोच, पण प्रवेशाच्या वेळी संस्थेच्या नियमांवर सही केलेली असेल तर ते वाचावेत. बाहेरच्या माणसाला ठरवून काम दिलं तर लिहिणारा मालक राहतो. पैसे दिले म्हणून हक्क आपोआप येत नाही. तो लेखी करारानं, सहीनं घ्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, असं कलम १९ धरतं. दुकानदारांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

परवाना लावायची रीत:

सगळ्या लेखकांची लेखी संमती आधी. चौघांनी लिहिलं आणि एकजण पुढं गायब झाला की परवाना बदलणं अडतं. मग प्रकल्पाच्या मुळाशी परवान्याचा पूर्ण मजकूर, एक शब्दही न बदलता, एका फाइलीत ठेवायचा. प्रत्येक सोर्स फाइलीच्या डोक्यावर दोन ओळी: कॉपीराइट, वर्ष, नाव, आणि एसपीडीएक्सची ओळखओळ, म्हणजे परवान्याचं ठरावीक छोटं नाव. त्या ओळीत 'जीपीएल ३ फक्त' की 'जीपीएल ३ किंवा पुढची' हे स्पष्ट लिहायचं. नंतर बाहेरून घेतलेल्या प्रत्येक लायब्ररीची यादी करायची, नाव, आवृत्ती, परवाना.

चुका कुठं होतात ते सांगतो. परवान्याची फाइलच नसणं, ही सगळ्यात मोठी. कोड इंटरनेटवर उघडा दिसतो म्हणून तो ओपन सोर्स होत नाही. परवाना नसेल तर सगळे हक्क लेखकाकडं राखीव. दुसरी चूक, अपाची २.० चा कोड 'जीपीएल २ फक्त' असलेल्या कोडशी मिसळणं. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते ते जुळत नाहीत, जीपीएल ३ शी जुळतात. तिसरी, जावास्क्रिप्ट लहान करणारं अवजार सगळ्या टिप्पण्या उडवतं, त्यात एमआयटीची कॉपीराइट ओळही जाते आणि परवाना मोडतो. त्या अवजारात परवान्याच्या टिप्पण्या राखण्याची सोय असते, ती चालू करा. चौथी, शेतकऱ्यांचे मोबाइल आणि खाते क्रमांक असलेली चाचणीची फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या अवजारात, जाणं. नंतर काढली तरी इतिहासात राहते. कोड उघडा करण्याआधी इतिहासच साफ करावा लागतो.

बालाघाट

हे सगळं घरात बसवलेल्या सॉफ्टवेअरचं झालं. आता बहुतेक जण ब्राउझरमधून वापरायला देतात, महिन्याला पैसे. जीपीएलचा कोड घेऊन, बदलून, स्वतःच्या सर्व्हरवर चालवला तर सोर्स द्यावा लागतो का?

गोदाथडी

नाही लागत. साध्या जीपीएलमध्ये सोर्स देण्याची जबाबदारी प्रत दिल्यावर येते. सर्व्हरवर चालवून फक्त पडदा दाखवला तर प्रत दिलेली नसते. तसंच एखाद्या कारखान्यानं जीपीएल सॉफ्टवेअर बदलून आतल्या आत वापरलं, तरी बाहेर काही द्यायला लागत नाही. आणि प्रत दिली तरी ज्याला दिली त्याला सोर्स, जगाला नाही. 'जीपीएल म्हणजे सगळं इंटरनेटवर टाकावं लागतं' ही भीती निराधार आहे.

सर्व्हरची ही फट बुजवायला नोव्हेंबर २००७ मध्ये एजीपीएल ३ हा परवाना आला. त्याच्या १३ व्या कलमाप्रमाणं बदललेला प्रोग्राम नेटवर्कवरून वापरू देणाऱ्यानं त्या वापरणाऱ्यांना सोर्स मिळण्याची सोय द्यायची. मन्याड ताईंच्या विद्यार्थ्यांनी, मला विचाराल तर, हाच घ्यावा.

याच्याही पुढं जाऊन काही कंपन्यांनी कुंपण घातलं. मोंगोडीबी या डेटाबेसच्या कंपनीनं ऑक्टोबर २०१८ मध्ये एसएसपीएल परवाना लावला, ज्यात सेवा म्हणून विकणाऱ्यानं भोवतालची सगळी यंत्रणाही खुली करायची. ओपन सोर्स इनिशिएटिव्हनं तो मान्य केलेला नाही. टेराफॉर्म हे सर्व्हर उभारायचं अवजार ऑगस्ट २०२३ मध्ये बिझनेस सोर्स या बंधनाच्या परवान्यावर गेलं, तेव्हा जुन्या मुक्त प्रतीवरून ओपनटोफू निघालं. रेडिस या डेटाबेसनं मार्च २०२४ मध्ये परवाना बदलला तेव्हा वाल्की निघालं, आणि मे २०२५ मध्ये रेडिसनं एजीपीएलचा पर्याय परत आणला. जुनी प्रत जुन्या परवान्यावर मुक्तच राहते, म्हणून हे फाटे फुटू शकले. स्वातंत्र्य ३ चा एवढा ठळक उपयोग दुसरा नाही.

सोर्स दिसतो पण मोकळीक नाही याचं घरगुती उदाहरण म्हणजे अनरार, रार पद्धतीनं दाबलेल्या फाइली उघडणारा प्रोग्राम. कोड मिळतो, पण त्यावरून रारची दाबण्याची पद्धत पुन्हा बनवू नका अशी अट आहे. म्हणून डेबियननं ते अमुक्त विभागात ठेवलंय.

तेरणाकाठ

यात फोनची भर घालतो, कारण तिथं दोन विचारांचा फरक हातात दिसतो. अँड्रॉइडचा गाभा लिनक्स, तो जीपीएल २ खाली. म्हणजे फोन विकणाऱ्यानं त्या गाभ्याचा सोर्स द्यायलाच हवा, किंवा किमान तीन वर्षं लागू राहील असं लेखी आश्वासन सोबत द्यायला हवं. मागणी करताना मॉडेल क्रमांक, बिल्ड क्रमांक आणि गाभ्याची आवृत्ती तिन्ही लिहा, नाहीतर भलत्याच आवृत्तीचा कोड येतो. पण सोर्स मिळाला तरी बूटलोडरला, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामला, कुलूप असेल तर बदललेला गाभा त्या फोनवर चालत नाही. टिवो नावाच्या टीव्ही रेकॉर्डरनं हेच केलं होतं. जून २००७ च्या जीपीएल ३ नं घरगुती वापराच्या उपकरणांसाठी ही पळवाट बंद केली: बदललेली प्रत बसवायला लागणारी माहितीही द्यायची. लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स यांना ती अट मान्य नव्हती, लिनक्स जीपीएल २ वरच राहिला. एकाला वापरणाऱ्याचा ताबा महत्त्वाचा, दुसऱ्याला कोड परत येणं पुरेसं. धाग्याच्या नावातला फरक तो हाच.

मन्याड

एजीपीएलचं पटलं. आता एकच. शाळेच्या लॅबमध्ये जुन्या मशीनवर पूर्ण मुक्तच हवं म्हणून ट्रिस्क्वेल ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली की वायफाय दिसत नाही. कामून?

दुधनाकाठ

बहुतेक वायफाय चिपना सुरू होताना एक बंद फर्मवेअर, म्हणजे चिप चालवणारा छोटा प्रोग्राम, लागतं. ट्रिस्क्वेल ते देत नाही. डेबियननं २०२२ च्या मतदानानंतर असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये घेतलं, २०२३ च्या आवृत्ती १२ पासून त्याचा वेगळा विभाग आहे. तुमच्यापुढं तीन वाटा: लॅन केबल ओढा, लॅबला तीच बरी, किंवा एआर९२७१ चिपचा यूएसबी अडॅप्टर घ्या, त्याचं फर्मवेअर मुक्त आहे, किंवा डेबियन टाका. घेताना खोक्यावरचं मॉडेल बघून फसू नका, त्याच मॉडेलच्या पुढच्या आवृत्तीत चिप बदललेली असते.

गोदाथडी

दुकानदारांसाठी करारात लिहून घ्यायच्या गोष्टी, म्हणजे धागा वाचून उपयोग होईल. परवान्याचं पूर्ण नाव आणि आवृत्ती, नुसतं 'ओपन सोर्स' नको. पूर्ण सोर्स, आणि तो कोऱ्या मशीनवर उभा करायच्या पायऱ्या. डेटाबेसचा पासवर्ड मालकाकडं. खातेवही, आवक आणि पट्ट्या सीएसव्हीत (कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडणारी साधी फाइल), युनिकोडमध्ये बाहेर काढायची सोय. देखभालीचे पैसे वेगळे लिहा, मुक्त सॉफ्टवेअरलाही देखभाल लागतेच आणि ती करणाऱ्याला दाम द्यायला हवा.

शेवटचा हप्ता देण्याआधी विक्रेत्याला बाजूला बसवून, दुसऱ्या कोऱ्या मशीनवर त्या पायऱ्या वाचत सगळं दुसऱ्याच माणसाकडून उभं करून घ्या. बॅकअप भरा, जुनी एक पट्टी काढा, रक्कम आणि 'ऱ्या' दोन्ही जुळवा. हे श्रावणातच उरका. दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक सुरू झाली की मशीन बंद ठेवायला कुणालाच वेळ मिळत नाही.